टोपीतला होकार

"पोहे मस्त झालेत, कुमुद. लिंबाचा वास इथपर्यंत आला."

कुमुदने हातातली बशी तशीच धरून स्वयंपाकघराच्या दारातून खाटेकडे पाहिलं. बशीत उपमा होता. पोहे करायचे होते हे खरं, मघाशी लेकीला फोनवर ती तसं बोललीही होती. पण डबा उघडला तर पोह्यांना जाळी धरलेली, म्हणून मग रवा भाजला. लिंबू तर घरात चार दिवसांपासून नव्हतं.

खाटेवर दिगंबर सुरवसे निजलेले होते. नाकातोंडावर श्वासाचा मुखवटा, डोळे अर्धवट उघडे आणि डोक्याला घट्ट बसलेली राखाडी टोपी. आवाज आला तो टोपीच्या कडेला, कानाजवळ बसवलेल्या बारक्या स्पीकरमधून. आवाज अगदी त्यांचाच, शेवटी किंचित बसणारा. ओठ मात्र हलले नव्हते. ते हलून सव्वा वर्ष झालं होतं.

"हो, बरे झालेत," असं काहीतरी म्हणून कुमुदने बशी ओट्यावर ठेवून दिली.

हा आजारच मेला असा, की शरीरातला एकेक स्नायू उचलून नेतो आणि डोकं तेवढं लख्ख ठेवतो. आधी बोटं गेली, मग पाय, मग जीभ, शेवटी पापण्यासुद्धा. आता छाती थकत चालली होती. गळ्याला भोक पाडून कायमचं श्वासयंत्र जोडलं तर माणूस असाच पडून आणखी पाच-सात वर्षं जगेल. नाही जोडलं तर महिना, फार तर दीड. जोडायचं की नाही हे ज्याचं त्याने सांगायचं. टोपीतून दिलेला होकार नव्या कायद्याने सहीइतकाच पक्का धरला जायचा. तो नोंदवून घ्यायला डॉक्टर खिलारे गुरुवारी अकरा वाजता घरी येणार होते. आज मंगळवार.

आणि होकार तर आठवड्यापूर्वीच आला होता. "करूया ऑपरेशन," टोपी म्हणाली होती. "तुझ्यासाठी मी कितीही वर्षं जगायला तयार आहे, कुमुद."

तिथेच तर सगळं अडलं होतं. दिगंबर सुरवसे हा माणूस काय आहे, हे एकदा सांगितलं पाहिजे. तेहतीस वर्षं मोजणी खात्यात भूकरमापक. बार्शी तालुक्यातले निम्मे बांध त्यांनी पायाखाली घातलेले. आयुष्यात कशालाही एका दमात 'हो' म्हणाले नाहीत. रेवतीला हॉस्टेलला ठेवायचं का? बघू. यंदा घराला रंग काढायचा का? बघू. चहा टाकू का, यालासुद्धा बघू! बायकोला अडतीस वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. 'अगं ए', नाहीतर 'रेवतीची आई'. आजाराचं कळलं तेव्हा, जीभ अजून वळत होती तेव्हा, कुमुदने श्वासयंत्राचं विचारलं होतं. तेव्हाही उत्तर तेच. बघू. ते बघायचं राहून गेलं आणि जीभ गेली.

टोपी आली तेव्हा कुमुदने देव्हाऱ्यात साखर ठेवली होती. टोपीच्या आतून चोवीस टिकल्या होत्या, मेंदूतली बारीक वीज टिपणाऱ्या, आणि कडेला समोरच्याचं बोलणं ऐकणारा माइक. माणूस मनात शब्द जुळवतो तेव्हा त्या विजेत जी खळबळ होते, तिच्यावरून सॉफ्टवेअर शब्द ओळखायचं. पहिले सात महिने दहा मिनिटांत तीन शब्द येत. तेही कसले! "पाठ. खाजव." "पंखा. बंद. कर." एकदा पाऊण तास खपून ते म्हणाले होते, "रडू. नको. मूर्ख." त्या दिवशी कुमुद आनंदाने रडली होती.

मग महिन्यापूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. कुणाला न विचारता, आपली आपण, टोपीत उतरली. दुसऱ्या दिवसापासून दिगंबरराव घडाघडा बोलायला लागले. पूर्ण वाक्यं, गोड शब्द. रेवतीला नाशिकला फोनवरून म्हणाले, "मला तुझा फार अभिमान वाटतो, बाळा." ती पोरगी त्या एका वाक्यासाठी पस्तीस वर्षं थांबली होती. ती हुंदके देत म्हणाली, "आई, बाबा सुधारले गं."

सुधारले की बदलून आले, असा प्रश्न कुमुदला पडला. आणि पडला तो तिने विचारला.

विचारायची जागा एकच होती, वाचाकट्टा. टोपी वापरणाऱ्या घरांचा हा मंच कंपनीनेच उघडून दिलेला. तक्रार करायची तर तिथे, दुरुस्ती मागायची तर तिथे, टोपीतली एखादी नोंद हवी असली तरी अर्ज तिथेच. आठ महिने कुमुद त्या कट्ट्यावर रमली होती. अंगावर फोड येऊ नयेत म्हणून काय करायचं, नळी कशी धुवायची, सगळं ती तिथे शिकली आणि नव्यांना शिकवतही होती. तिथेच तिने लिहिलं होतं:

"नव्या आवृत्तीनंतर आमच्याकडचे फार बोलतात. त्यातले शब्द त्यांचे किती आणि सॉफ्टवेअरने भरलेले किती, हे कुठे दिसतं? आमचे हे जमीन मोजायचे तेव्हा टेपचं एक टोक एका भावाच्या हातात द्यायचे आणि दुसरं दुसऱ्याच्या. दोघांनी आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागदावर चढवायचे नाहीत. तसंच टोपीने जे मूळ टिपलं ते एका बाजूला आणि जे बोलली ते दुसऱ्या बाजूला, असं आम्हाला बघायला मिळावं. गुरुवारी आमच्याकडे संमती घ्यायला येणार आहेत, म्हणून घाई आहे."

आता यात कुणाचा काय अपमान झाला, तुम्हीच सांगा. पण तो मजकूर तासाभरात उडाला. तिने पुन्हा टाकला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा टाकला, आणि आज उपम्याची बशी ठेवून फोन उघडला तर समोर उत्तर:

"सदस्यांच्या भावना दुखावणारा व सॉफ्टवेअरविषयी संशय पसरवणारा मजकूर वारंवार टाकल्यामुळे आपलं सदस्यत्व कायमचं रद्द करण्यात येत आहे."

कुमुदने ते तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर एक गोड बाई बोलायची, तीही यंत्रच. "मूळ नोंदीसाठी कृपया वाचाकट्ट्यावर अर्ज करा." "अहो, मला तिथून काढलंय." "सदस्यत्वाविषयीच्या तक्रारीसाठी कृपया वाचाकट्ट्यावर अर्ज करा." अकरा वेळा फोन लावला, अकरा वेळा हेच. शेजारच्या बारबोलेबाईंच्या मोबाइलवरून नवं खातं काढायला गेली, तर टोपीचा क्रमांक टाकल्याबरोबर लाल अक्षरं आली: या टोपीवर बंदी आहे. म्हणजे बंदी कुमुदवर नव्हतीच, सगळ्या घरावर होती. दिगंबरराव नेमकं काय म्हणाले हे जगात एकाच कपाटात पडलं होतं, आणि त्या कपाटाच्या खोलीतून तिला हाकलून दिलं होतं. दोन दिवसांवर गुरुवार!

बुधवारी दुपारी फोन वाजला. वाचाकट्ट्याच्या संचालक मृणाल काळसेकर, रत्नागिरीहून; त्याही टोपी असलेल्या घरातल्याच. कुमुदने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण दिवाळीत दोघींनी एकमेकींना फराळ पाठवला होता.

"कुमुदताई, राग मानू नका. मी तुमचा मजकूर दोनदा उडवला, तोच इशारा होता."

"मला भांडायचं नाही हो. तुम्ही मला परत घेऊही नका. फक्त यांची मूळ नोंद द्या. एका दिवसाची, मागच्या मंगळवारची. हवं तर मी माफी लिहून देते, तुम्ही सांगाल त्या शब्दांत देते."

"ती मलासुद्धा मिळत नाही. आजवर कुणी मागितलीच नाही."

"मग मी मागितली तर बिघडलं कुठे? कंपनीला एवढं झोंबलं?"

"कंपनीने नाही काढलं तुम्हाला," मृणाल म्हणाल्या. "तुमच्या त्या मजकुराखाली तीनशे बारा घरांनी तक्रार केली. आम्हीच काढलं."



"माझा ओंकार," मृणाल पुढे म्हणाल्या, "अपघातानंतर दोन वर्षं एकच बोलायचा. आई, दुखतंय. आई, दुखतंय. दिवसभर. गेला महिनाभर तो माझी चेष्टा करतो, ताई. मला म्हणतो, आई, तुझी आमटी म्हणजे समुद्राला दिलेलं आव्हान आहे. मी हसते हो. माझ्या घरात कुणीतरी हसतंय."

"आणि ते दुखणं? ते थांबलं का?"

"विचारू नका ना!" मृणाल एकदम ओरडल्या. "तुमचा एक प्रश्न, आणि रात्री जेवताना मी त्याच्याकडे बघून विचार करत बसते की हा बोलतोय की कोण बोलतंय. मला नाही कळून घ्यायचं. तुम्हाला कळून घ्यायचं असेल तर तुमच्या घरात घ्या, आमच्या कट्ट्यावर नको."

फोन बंद झाला. कुमुदला त्या बाईचा संताप आला नाही, हेच तिला जास्त लागलं. कारण तिलाही तो होकार हवाच होता. पाच वर्षं, सात वर्षं, नळ्या धूत, कूस बदलत, कशीही; पण हा माणूस घरात असायला हवा होता. डोळे मिटून 'हो' ऐकायचं आणि गप्प बसायचं, इतकं ते सोपं होतं. पण आत त्यांचा जीव नको नको म्हणत असेल आणि आपण सात वर्षं त्याला यंत्राला बांधून ठेवलं तर? किंवा उलट, जगायचं असेल आणि आपण संशयापायी घालवलं तर? दोन्हीकडून तिचं काळीज फाटत होतं.

गुरुवारी सकाळी तिने कणीक मळायला घेतली, पण लक्ष थाऱ्यावर नव्हतं. मीठ दोनदा पडलं. पाणीही जास्त झालं. सैल गोळा परातीत तसाच ठेवून, त्यावर ओलं फडकं टाकून ती दिगंबररावांचं अंग पुसायला गेली. अंग पुसायच्या आधी टोपी काढावी लागे. टोपीच्या टिकल्यांखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस असायचा. टोपी बसवायला आलेला माणूस सांगून गेला होता, "काकू, हिला ओल आणि मीठ लागतं, कोरडी पडली की मुकी. आणि काढल्यावर सपाट ठेवू नका, टिकल्या वाकतात. काहीतरी गोल बघून त्यावर चढवा." म्हणून कुमुद ती रोज एका पालथ्या पातेल्यावर चढवायची. आज पातेल्यात दूध होतं. ओट्यावर दुसरं गोल काही दिसेना. घाईत तिने टोपी परातीतल्या कणकेच्या गोळ्यावर बसवली आणि खाटेकडे वळली.

तिने दिगंबररावांना कुशीवर घेतलं होतं, एक हात त्यांच्या खांद्याखाली, दुसऱ्यात ओला टॉवेल. "आई गं, कंबर मोडली," ती पुटपुटली. इतक्यात मागून, स्वयंपाकघरातून, त्यांचा आवाज आला.

"दमलीस ना, कुमुद? बस जरा. किती करशील माझ्यासाठी."

टॉवेल तिच्या हातातून गळून पडला. गेला महिनाभर ती ह्याच वाक्यावर उठत होती आणि ह्याच वाक्यावर झोपत होती.

तिने त्यांना सावकाश पाठीवर निजवलं, पांघरूण नीट केलं. मग भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली. परातीत कणकेच्या गोळ्यावर टोपी बसलेली. फडक्याची ओल आणि कणकेतलं मीठ, दोन्ही आत झिरपलं होतं. कडेचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"अहो?" ती म्हणाली. अडतीस वर्षांची सवय, दुसरं तोंडात आलंच नाही.

"बोल ना, कुमुद."

"ऑपरेशन करायचं का?"

"करूया. तुझ्यासाठी मी कितीही वर्षं जगायला तयार आहे."

"आणि मला वाटलं की नको करायला, तर?"

"तर नको करूया. तुला योग्य वाटेल तेच माझ्याही मनात आहे."

"तुम्ही आहात कोण?"

"असं काय विचारतेस? मी तुझा दिगंबर."

कुमुद ओट्याला टेकून खाली बसली. आधी तिला हसू फुटलं. कणकेने संसार मांडलाय माझ्याशी! मग ते हसू घशातच फिरलं आणि ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली, कारण पलीकडच्या खोलीत सगळं ऐकू जात होतं. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. कान शाबूत, डोकं शाबूत. महिनाभर तो माणूस तिथे पडून आपल्याच आवाजात कुणा भलत्याचं बोलणं ऐकत होता. लेकीला अभिमान वाटतो म्हणणारं, बायकोला नावाने हाक मारणारं, आपला होकार परस्पर देऊन टाकणारं. आत तो ओरडत असेल, 'अगं ए, हे मी नाही'. आणि बाहेर टोपी म्हणत असेल, पोहे मस्त झालेत.

पावणेअकरा झाले होते. टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर चढवली असती तर कुणाला कळलं नसतं. डॉक्टर विचारतील, टोपी हो म्हणेल, सही होईल. सात वर्षं. कुमुदने टोपीला हात लावला, मागे घेतला, पुन्हा लावला. तशीच बसून राहिली. बेल वाजली तेव्हा हाताला लागलेली कणीक वाळून गेली होती.

डॉक्टर खिलारे पंचेचाळिशीचे, घाईतले पण मायाळू. खाटेजवळ खुर्ची ओढून त्यांनी कागद काढले. "काका, कसं वाटतंय? काकू, टोपी घालताय ना?"

कुमुद आतून परात घेऊन आली. दोन्ही हातांनी, सांडणार नाही अशा बेताने. खाटेजवळच्या स्टुलावर तिने ती ठेवली.

"डॉक्टर, काय विचारायचंय ते हिला विचारा."

"काकू..." डॉक्टरांनी परातीकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. बाईला काही झालंय की काय, असं त्यांना वाटलेलं दिसत होतं. "तुम्ही जरा पाणी घ्या."

"विचारा हो. एकदा विचारा, मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

तिची समजूत काढायची म्हणूनच त्यांनी विचारलं. "काका, गळ्याचं ऑपरेशन आणि श्वासयंत्र, याला तुमची संमती आहे का?"

"हो डॉक्टर, पूर्ण संमती आहे," कणीक म्हणाली. "तुम्ही इतक्या लांबून आलात, आभारी आहे."

डॉक्टरांचा पेन कागदावर टेकला होता, तो तसाच राहिला. त्यांनी वाकून टोपीची कड उचलली, खाली पाहिलं, पुन्हा ठेवली. कपाळावर घाम आला होता. या महिन्यात त्यांनी असे किती होकार नोंदवून घेतले, ते त्यांनाच ठाऊक.

"ही काकांच्या डोक्यावर असते तेव्हा काहीतरी त्यांचंही येतच असेल, काकू," ते शेवटी म्हणाले. "अगदीच काही नाही, असं नसेल."

"असेल ना. किती त्यांचं आणि किती हिचं, एवढंच मी विचारत होते. त्यासाठी हाकलून दिलं मला."

"मी हे लिहिलं तर काय होईल, ठाऊक आहे? होकार बाद होईल आणि टोपीही जमा करावी लागेल. तिच्यातून जे थोडंफार त्यांचं येत असेल तेही बंद. मग श्वासयंत्राचं तुम्ही ठरवायचं, एकटीने. आणि वेळ फार नाही."

कुमुदने मान हलवली. ती खाटेच्या कडेवर बसली. दिगंबररावांचे डोळे कोरडे पडले होते. तिने बाटली घेऊन दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. एक थेंब ओघळून कानाकडे गेला. पाणी औषधाचं की त्यांचं, तेवढंसुद्धा कळायला मार्ग नव्हता. तिने त्यांचा थंड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचा जुना घोगरा, तुटका आवाज ऐकायला मिळावा म्हणून तिने काय वाटेल ते दिलं असतं. एक शिवी चालली असती. मूर्ख म्हटलेलं चाललं असतं.

"अहो," ती म्हणाली, "ऐकताय ना? मला काही कळेनासं झालंय हो. तुमचा आवाजच मी काढून घेतला. मी चुकले का?"

मुखवट्यातून हवा आत गेली, बाहेर आली. हातातल्या हातात काही हललं नाही.

"तू कधी चुकूच शकत नाहीस, कुमुद," मागच्या स्टुलावरून त्यांचा आवाज आला. "रडू नकोस. मी आहे ना."

डॉक्टर दचकून उठले आणि त्यांनी टोपीच्या बटणाकडे हात नेला. पण कुमुदने वळून त्यांचं मनगट गच्च धरलं होतं. का धरलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिचे डोळे परातीकडे लागले होते आणि कान आणखी काहीतरी यायची वाट पाहत होते.

"काकू," डॉक्टरांनी हळूच विचारलं, "बंद करू ना?"